एका खाणमालकाचा ताळेबंद

मी सांगलीत बी.कॉम.च्या मुलांना कॉस्टिंग शिकवतो. एखादं यंत्र घ्यावं की घेऊ नये, हे ठरवायच्या सगळ्या रीती मला तोंडपाठ आहेत आणि त्या मी फळ्यावर बाणबिण काढून समजावून सांगतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचताना ‘या माणसाला कुणी शिकवलं नव्हतं का?’ असं तुम्हाला वाटणार. शिकवलं होतं. मीच.

2021च्या दिवाळीत एका बिटकॉइनचा भाव साठ हजार डॉलरच्या वर गेला होता. स्टाफरूममधल्या प्रत्येकाच्या माहितीत त्यावर गाडी, बंगला घेतलेला एक तरी माणूस होता. हा माणूस प्रत्यक्ष कधी भेटला नाही. तो कायम मेव्हण्याच्या मित्राचा शेजारी असे. अख्खं बिटकॉइन विकत घ्यायचं तर मला राहतं घर विकावं लागलं असतं, आणि घर सौभाग्यवतींच्या नावावर आहे. पण बिटकॉइन विकत न घेता ‘काढता’ही येतं, त्याला मायनिंग म्हणतात, हे कळलं आणि मी खाणमालक व्हायचं ठरवलं.

मूळ कल्पना मला फार पटली होती. सातोशी नाकामोतो हे नाव घेतलेल्या कुणीतरी 2008च्या ऑक्टोबरात नऊ पानी निबंध प्रसिद्ध केला. सातोशी कोण, एक माणूस की दहा, याचा पत्ता अजून नाही. त्याचं म्हणणं असं, की बँक नको, मध्यस्थ नको, कुणावर विश्वास ठेवायची गरजच पडणार नाही असा पैसा गणिताच्या जोरावर चालवता येईल. कुणावरही विश्वास ठेवायचा नाही, या एका तत्त्वासाठी मी पुढचं वर्षभर दिसेल त्या अनोळखी माणसावर विश्वास ठेवत सुटलो.

पहिला अनोळखी माणूस टेलिग्रामवर भेटला. प्रोफाइलला देवीचा फोटो, बोलणं अतिशय नम्र, वाक्याच्या दोन्ही टोकांना ‘सर’. मी नवीन यंत्राची किंमत विचारली, त्याने लाखात सांगितली. मी गप्प झालो, तेव्हा त्याने मोठ्या मनाने जुनं यंत्र सुचवलं. अँटमायनर एस-नाइन, 2016चं मॉडेल. त्याने यंत्र चालू असल्याचा व्हिडिओ पाठवला, स्वतःच्या आधार कार्डाचा फोटोही पाठवला. न मागता आधार कार्ड पाठवणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटला. अर्धे पैसे यूपीआयने गेले. मग ‘कस्टम ड्यूटी’चे थोडे गेले. मग देवीचा फोटो गेला, आणि त्यामागोमाग तो.

या काळात मी समदुःखी शोधले. अमेरिकेत, कॅन्ससमध्ये, बटरफ्लाय लॅब्स नावाची कंपनी होती. तिने यंत्रांसाठी लोकांकडून आगाऊ पैसे घेतले आणि यंत्रं दिलीच नाहीत किंवा निरुपयोगी होण्याइतकी उशिरा दिली, या आरोपावरून तिथल्या व्यापार आयोगाने 2014 मध्ये तिला कोर्टात खेचलं. अमेरिकन लोकही फसतात हे वाचून मला इतकं बरं वाटलं, की त्या भरात मी दुसरा विक्रेता शोधला.

मधल्या काळात विट्याचे मामा घरी आले होते. विटा-खानापूर भागातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत. मामांचीही सगळी हयात तमिळनाडूत एका भट्टीपुढे सोनं गाळण्यात गेली. मी त्यांना उत्साहाने सगळा बेत सांगितला. त्यांनी सुपारी कातरत ऐकून घेतलं.

“इकणाऱ्याचं गाव कुठलं?”

“ते माहीत नाही, मामा.”

“दुकान?”

“ऑनलाइन असतं ते.”

“बरं. मशीन पैसं काढतंय म्हणतोस. मग त्यो इकतोय कशाला?”

मामांना डिजिटल अर्थव्यवस्था कळत नाही, असं मी त्या रात्री हिला म्हणालो. ही म्हणाली, “अहो, प्रश्न तर मराठीतच होता.”

दुसऱ्या विक्रेत्याचं यंत्र मात्र खरोखर आलं. ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमधून मी ते रिक्षाने घरी आणलं, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मग कळलं की त्याला पॉवर सप्लाय वेगळा घ्यावा लागतो. तो घेतला. मग वायरमन म्हणाला, साध्या प्लगवर हे चोवीस तास चालायचं नाही, मीटरपासून जाड वायरची स्वतंत्र लाइन ओढावी लागेल. ती ओढली. बारावीतल्या मुलाने अभ्यास सोडून ते इंटरनेटला जोडून दिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला अभ्यास सोडल्याबद्दल शाबासकी मिळाली. यंत्रात तीन बोर्ड असतात. त्यातला एक मेलेला निघाला. विक्रेत्याला कळवलं तर तो म्हणाला, “सर, दोन तर चालू आहेत ना?” या वाक्यातला आशावाद मला आजही थक्क करतो.

बटण दाबलं आणि घरातलं बोलणं बंद झालं. भांडण नव्हतं, ऐकू येत नव्हतं. त्या पेटीला दोन्ही टोकांना पंखे असतात आणि ते आपली सगळी कैफियत एकाच पट्टीत मांडत राहतात. खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन विचारून गेले, “सर, गिरणी टाकली का? आमचंही दळण घ्याल?” गरम वाऱ्याचा झोत मात्र उत्तम होता. त्या पावसाळ्यात आमच्या घरात एकही कपडा ओला राहिला नाही. हिने यंत्राच्या तोंडाशी कुरडया वाळवल्या. माझ्या खाणीतून निघालेला तेवढा एकच माल आम्ही पोटभर उपभोगला.

आता कामाचं सांगतो, कारण इथे माझी विद्या उघडी पडते. हे यंत्र काही खोदत नाही. व्यवहारांच्या एका गठ्ठ्याला चपखल बसेल असा आकडा ते अंदाजाने शोधत बसतं. तिन्ही बोर्ड चालू असते तर सेकंदाला साडेतेरा लाख कोटी अंदाज. माझे दोन, म्हणून नऊ लाख कोटी. ऐकायला भरपूर. पण जगभरातली यंत्रं हाच उद्योग करत असतात, साधारण दर दहा मिनिटांनी त्यातल्या एकाचा अंदाज लागतो आणि इनाम त्यालाच मिळतं. तेव्हा ते इनाम सव्वासहा बिटकॉइन होतं. यंत्रं वाढली की साधारण दर दोन आठवड्यांनी कोडं आपोआप अवघड होतं. एकट्याच्या बळावर माझा नंबर कधी लागेल, हे मी अखेर एका रविवारी कागदावर मांडलं. उत्तर आलं, चारशे वर्षांच्या पुढे. म्हणजे मालोजीराजांच्या काळात बटण दाबलं असतं, तर आता कुठे आशेला जागा होती.

म्हणून लोक ‘पूल’ करतात. सगळे मिळून अंदाज बांधायचे, इनाम वाटून घ्यायचं. मीही केलं. 2022च्या जुलैत माझ्या वाट्याला रोज साठ-सत्तर रुपयांचं बिटकॉइन येत होतं. त्यासाठी रोज बावीसेक युनिट वीज जळत होती. महिन्याचे साडेसहाशे. बिल पाचशे युनिटांच्या वरच्या टप्प्यात गेलं, जिथे एरवी मध्यमवर्गीय माणूस फक्त दुसऱ्याचं बिल बघून हळहळायला जातो. रोज अडीचशेच्या वर खर्च करून मी साठ रुपये मिळवत होतो, आणि सकाळी कॉलेजात जाऊन ब्रेक-इव्हन पॉइंट शिकवत होतो. वर त्याच एप्रिलपासून सरकारने या उत्पन्नावर तीस टक्के कर लावला होता आणि मायनिंगच्या साधनसामग्रीवरचा खर्च त्यातून वजा होणार नाही, असं संसदेत स्पष्ट केलं होतं. तोट्यावर कर भरायची सोय मला स्वतःहून शोधता आली नसती.

तरी जे मिळत होतं ते सुरक्षित ठेवायला हवं होतं. मोबाइलमधलं वॉलेट हॅक होतं म्हणे, म्हणून मी पेनड्राइव्हएवढं हार्डवेअर वॉलेट मागवलं. सीलबंद, आणि बाजारापेक्षा स्वस्त. डब्यात एक देखणं कार्ड होतं. चकाकता थर नाण्याने खरवडायचा, की खाली चोवीस शब्द. कागदावर शब्द उतरवण्याचेही कष्ट दिले नाहीत, या आगत्याने मी भारावलो. कार्ड लॅमिनेट केलं आणि बँकेच्या लॉकरमध्ये, हिच्या पाटल्यांशेजारी ठेवून आलो.

ते शब्द म्हणजेच वॉलेट. 2048 इंग्रजी शब्दांच्या ठरलेल्या यादीतून वॉलेटच्या यंत्राने ते तुमच्यासमोर, तिथल्या तिथे निवडायचे असतात, आणि जगात ते तुमच्याखेरीज कुणालाच माहीत नसायला हवेत. छापून आलेले शब्द छापणाऱ्यालाही माहीत असतात, हे समजायला कॉस्टिंगची पदवीसुद्धा लागत नाही. त्या सद्‌गृहस्थाने घाई केली नाही. पूलकडून पैसे दोन-तीनदा जमा होऊ दिले, मग एका पहाटे सगळे उचलले. बिटकॉइनचा हिशेब जगजाहीर असल्यामुळे माझे पैसे किती वाजता, कुठल्या पत्त्यावर गेले हे मला आजही नीट दिसतं. त्याच्या बाजूनेही मी हिशेब मांडून पाहिला. वॉलेटची किंमत, छपाई, कुरियर, व्यवहाराची फी वजा जाता त्यालाही माझ्यात तोटाच आला होता. एकाच खाणीत मालक आणि चोर दोघेही बुडाल्याचं हे उदाहरण मी वर्गात देऊ शकत नाही, याची खंत आहे.

तक्रार करावी का? पुण्यातलं एक प्रकरण आठवलं. मायनिंगच्या नावाखाली दरमहा दहा टक्के देतो म्हणणाऱ्या गेनबिटकॉइनच्या अमित भारद्वाजला पुणे पोलिसांनी 2018 मध्ये अटक केली होती. त्या तपासात मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनीच जप्त वॉलेटमधलं चलन परस्पर वळवलं, या आरोपावरून 2022च्या मार्चमध्ये त्याच पोलिसांनी त्या दोघांनाही अटक केली. हे आठवल्यावर मी माझे चोवीस शब्द आणखी कुणाला दाखवायला गेलो नाही. खरं कारण वेगळंच होतं. तक्रारीत ‘व्यवसाय’ असा रकाना असतो.

तर, यंत्र विकायचं आहे. एक बोर्ड बंद, दोन चालू, आवाज शाबूत. सांगलीत घरी यावं, चालू करून बघावं, पटलं तर जागेवर पैसे देऊन उचलून न्यावं. आगाऊ रक्कम घेत नाही, आधार कार्ड पाठवत नाही. किमतीत घासाघीस चालेल. मी विकतोय कशाला, हे मात्र विचारू नये.