हार नको, ऑर्डर द्या

१५ ऑक्टोबरला पांढऱ्या काठीचा दिवस, ४ जानेवारीला ब्रेल दिवस. दोन्ही दिवशी फळवाटप होतं, हार पडतात, फोटो निघतात. वाचायला नवं पुस्तक मात्र कुणी आणत नाही. दृष्टिहीन माणूस दाम मोजून पुस्तक घेईल, हे आपल्या मनालाच शिवत नाही.

२०११च्या जनगणनेत देशात दृष्टिबाधित माणसं ५० लाखांवर नोंदली गेली. एवढं गिऱ्हाईक दिसलं असतं, तर आपल्या बुऱ्हाणपूरचा केळीवाला पहाटेच ट्रक लावून उभा राहिला असता. पुस्तकवाले अजून झोपलेत.

कुणी केलंच नाही, असंही नाही. स्वागत थोरातांनी १५ फेब्रुवारी २००८ला मुंबईतून ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं. २०१३मध्ये उपासना मकातींनी ‘व्हाइट प्रिंट’ हे इंग्रजी ब्रेल मासिक काढलं. तेव्हा ६४ पानं, ३० रुपये किंमत आणि पानांत कंपन्यांच्या जाहिराती. जाहिरातदार पैसे मोजतो, कारण ब्रेल वाचणाराही साबण, कापड, विमा विकत घेतो.

कायदा आडवा येतो म्हणणाऱ्यांनी कायदा उघडून पाहावा. २०१२मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. अपंगांसाठी ना-नफा काम करणाऱ्या संस्थांना पुस्तकाचं वाचनसुलभ रूप करायला आता लेखक-प्रकाशकाची परवानगी लागत नाही. नफ्यासाठी हेच काम करणाऱ्यालाही सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. प्रकाशकाने स्वतःच काम दिलं, तर तोही प्रश्न उरत नाही. दृष्टिहीनांच्या पुस्तकांसाठीचा माराकेशचा जागतिक करार मंजूर करणारा पहिला देश भारतच, २०१४ साली. मंजुरी देण्यात पहिले आलो, पुस्तकं करण्यात का मागे राहावं?

गाडी अडते फायलीत. मराठी पुस्तकांच्या कितीतरी फायली युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत पडून आहेत. हिंदीतही कृतिदेव फॉन्टचं तेच. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर त्या उघडतो आणि असंबद्ध अक्षरं बडबडतो. स्कॅन केलेली पीडीएफ तर त्याच्या लेखी नुसतं चित्र.

इथेच रोजगार आहे. मजकूर युनिकोडमध्ये आणायचा, जोडाक्षरं तपासायची, प्रकरणांना शीर्षकं लावायची, तक्ते सुटे करायचे, चित्रांचं वर्णन लिहायचं. अशी नीट केलेली एक फाइल ऐकताही येते, मोठ्या अक्षरांत वाचताही येते आणि ब्रेलमध्ये छापताही येते. त्यासाठी मुंबई-पुण्यात गाळा घ्यायला नको. संगणक, इंटरनेट आणि शुद्ध लिहिणारी माणसं एवढं भांडवल बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या जसोंडीतही उभं राहू शकतं. आपल्याकडे मराठी आणि हिंदी शेजारी नांदतात. भारती ब्रेलमध्ये दोन्ही भाषांच्या समान अक्षरांना चिन्हंही सारखीच. एकाच टेबलावर महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन राज्यांचं काम होईल. आणि तपासणीला दृष्टिहीन वाचकच हवा. मानधनाच्या पाकिटावर त्याची बोळवण नको, पक्का पगार द्या. चूक कुठे झाली, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

बाजार फक्त इथलाही नाही. २८ जून २०२५पासून युरोपीय संघात विकायची ई-पुस्तकं वाचनसुलभ असावीत, असा नियम लागू झाला. परदेशी प्रकाशकांची पानं लावण्याचं काम भारतातल्या कंपन्या वर्षानुवर्षं करतातच. हे कौशल्य शिकलेल्या पोरांना तीही दारं उघडी आहेत.

ज्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या नेपानगरने देशाच्या वर्तमानपत्रांना कागद पुरवला, त्या जिल्ह्याने आता पुस्तकांच्या धंद्यात उतरायला कचरू नये.

पहिली ऑर्डर सरकारने द्यावी. पाठ्यपुस्तकं, योजनांची पत्रकं, ग्रामसभेच्या सूचना छापायच्या निविदेत एक अट घालावी : फाइल युनिकोडमध्ये, शीर्षकं लावलेली आणि दृष्टिहीन वाचकाने तपासलेली असेल, तरच बिल निघेल. प्रकाशकांनीही नव्या पुस्तकाच्या खर्चात हे काम पहिल्या दिवसापासून धरावं. बिल अडायला लागलं, की काम शिकणारेही पुढे येतील आणि शिकवणारेही.