गादी सोडलेल्यांचं गाव

दालीच्या राजांना गादी सोडायची सवयच होती म्हणायची. चीनच्या नैऋत्येला, युन्नान प्रांतात, ९३७ ते १२५३ अशी तीनशेहून जास्त वर्षं इथे द्वान घराण्याचं राज्य होतं. बावीस राजे झाले आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी मुकुट उतरवून, मुंडण करून मठाची वाट धरली. सगळेच काही वैराग्य दाटून आलं म्हणून गेले नाहीत. खरा कारभार गाओ घराण्यातल्या मंत्र्यांच्या हाती गेला होता; साताऱ्याचे छत्रपती आणि पुण्याचे पेशवे ज्यांनी शाळेत पाठ केलेत, त्यांना अधिक फोड करून सांगायला नको. नावापुरतं सिंहासनावर बसण्यापेक्षा मठात निवांत बसलेलं बरं, असं त्यांतल्या एखाद्याला वाटलं असेल तर मी त्याला दोष देणार नाही. पुढे कुब्लाई खान आला आणि उरलेल्यांचा प्रश्नही त्याने परस्पर सोडवला.

राजे गेले, पण गादी सोडून इथे येणारे काही थांबले नाहीत. बीजिंग-शांघायच्या कंपन्यांत राजीनामे देऊन आलेली तरुण मंडळी जुन्या गावात खोली घेतात आणि रनमिन लू नावाच्या उतरत्या रस्त्यावर फडकं अंथरून कानातली, पोस्टकार्डं, हाताने शिवलेल्या पिशव्या विकतात. विकतात म्हणजे, गिऱ्हाईकाने फारच आग्रह केला तर. एकीने मला डूल दाखवता दाखवता भाषांतराच्या अ‍ॅपवरून विचारलं, तुमच्याकडे आठवड्याला किती तास काम करतात? मी माझ्या ऑफिसातला आकडा सांगितला. तिने माझ्याकडे बघून न मागता दहा युआन कमी केले.

अशा गावात पाठीवर सॅक टाकून एकटीने येऊन पडणं मराठी माणसाला सोपं नाही. आपण महाबळेश्वरला गेलो तरी सकाळच्या जीपमध्ये सगळे पॉइंट उरकून दुपारी ‘आता काय?’ म्हणत स्ट्रॉबेरी खाणारे. दालीत उरकायला तसं भरपूर आहे. पश्चिमेला त्सांगशान पर्वताची एकोणीस शिखरं, सगळ्यांत उंच चार हजार मीटरच्याही वर. पूर्वेला अरहाय तलाव, उभा चाळीसेक किलोमीटर पसरलेला. मधल्या उतारावर मिंग काळातलं, १३८२ साली बांधलेलं तटबंदीचं गाव. डोंगरातून आलेलं पाणी गल्ल्यांच्या कडेने पाटातून खळखळत तळ्याकडे निघालेलं असतं, आणि त्या पाण्याइतकी घाई गावात दुसऱ्या कोणालाच नसते.

पावसाळ्याचे दिवस. रोज सकाळी मी डोंगरावर जायचं ठरवायची. रोज सकाळी डोंगराच्या कमरेला ढगाचा पांढरा पट्टा. हॉस्टेलची मालकीण मांजराला मांडीवर घेऊन वर बघायची आणि हाताने ‘उद्या’ अशी खूण करायची. मग मी गच्चीत खुर्ची टाकून छोंगशंग मठाचे तीन पॅगोडे पाहायची. मधला नवव्या शतकातला, सोळा मजली, ६९ मीटर उंच. तिकीट काढून जवळ गेलं तर मान दुखली असती. गच्चीतून चहासकट दिसतो.

पुण्याहून मावशीचा फोन यायचा. तिथल्या वायफायवर व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही, त्यामुळे भारतीय सिमचं रोमिंग सुरू केलं की मगच नातेवाईक भेटतात. एकटीने प्रवास करणाऱ्या बाईसाठी यापेक्षा उत्तम सोय कुठल्याही सरकारने केलेली नाही.

“आज काय पाहिलंस?”

“ढग.”

“आणि काल?”

“काल पण. पण काल जरा खाली होते.”

“अगं, खातेस तरी काय? ते लोक काहीही खातात म्हणे.”

या बाबतीत मात्र मावशीची निराशा करावी लागली. युन्नानमधल्या कित्येक खाणावळींत मेनूकार्डाची गरजच पडत नाही. दारातच फळ्यांवर भाज्या मांडलेल्या असतात. बोट दाखवायचं, आत कढई पेटते. इथले बाय लोक तर दुधातले दर्दी. आंबट निवळीने दूध फाडून, ते ताणून, बांबूच्या काठ्यांवर गुंडाळून वाळवतात. झाला रूशान. तो निखाऱ्यावर फुलवून, वर गुलाबाचा मुरांबा फासून काडीवर देतात. गुलकंदाची ही सद्गती पुण्यात कोणाला सुचली नाही, याचं वैषम्य वाटतं. पावसाळ्यात रानातल्या अळंब्याही येतात, पण एक जात नीट शिजली नाही तर माणसाला डोळ्यांसमोर इवलीशी माणसं नाचताना दिसतात. हे लोक दरवर्षी एकमेकांना बजावतात आणि दरवर्षी खातात.

माझी खरी गट्टी जमली ती अळकुड्या घातलेल्या एका सूपशी. त्यात तळ्यातल्या एका पाणवनस्पतीचे लांब हिरवे देठ असतात. हिची तीन पाकळ्यांची पांढरी फुलं पाण्यावर तरंगतात. ही बया फक्त स्वच्छ पाण्यात जगते. मधल्या काळात अरहायची दशा झाली होती. पर्यटक वाढले, काठावर हॉटेलं वाढली, शेतांतली खतं पाण्यात उतरली. २०१७ साली काठावरची हॉटेलं आणि खाणावळी सरसकट बंद केल्या. पुढे आसपासच्या शेतांत लसूण लावायलाही मनाई झाली, कारण लसणाला खत फार लागतं. तळं सुधारलं, फुलं परतली. सूप पिताना हे बरं वाटतं. लसूण गेलेल्या शेतकऱ्याला किती बरं वाटलं असेल, हा विचार मात्र घशात जरा अडकतो.

आता तळ्याभोवती १२९ किलोमीटरचा, चालण्याचा आणि सायकलींचा रस्ता आहे. सायकल मी घेतली. पण दर वळणावर लग्नाचे फोटो चाललेले. पांढऱ्या झग्यातली नवरी, झग्याखाली स्पोर्ट्स शूज, आणि झग्याचा घोळ हवेत उडवून पटकन चौकटीबाहेर पळणारा मदतनीस. चार नवऱ्या होईपर्यंत थांबलं की प्रदक्षिणा राहते आणि जेवणाची वेळ होते.

शेवटच्या फोनवर मावशीचा सूर बदललेला होता.

“एवढं बसून कंटाळा नाही का गं आला?”

“नाही.”

“गुडघ्यांना त्रास?”

“कुनमिंगहून रेल्वेने दोन तास. पुढे बसायचंच असतं.”

“आणि चहा? का तो नुसता हिरवा पाचोळा?”

“बाय लोकांकडे पाहुण्याला तीनदा देतात. पहिला कडू, दुसरा अक्रोड घालून गोड, तिसरा मध-आलं-तिरफळाचा.”

“पहिला नाही घेतला तर चालेल का, विचारून ठेव.”