पांढऱ्याचे दिवस

सोसायटीच्या निवडणुकीला उभं राहायचं ठरलं आणि मी आधी शब्दकोश उघडला. ‘कँडिडेट’ हा शब्द लॅटिन ‘कँडिडस’वरून आला. म्हणजे झळझळीत पांढरा. रोममधला उमेदवार आपला टोगा खडूने घासून आणखी पांढरा करी आणि मतं मागत फिरे. झालं! मी खळ घातलेला पांढराशुभ्र सदरा काढला.

“वऱ्हाडाला निघालात की काय?” बायकोने विचारलं.

मी सांगितलं, या दिखाऊ पांढरेपणावर इ.स.पू. 432 मध्ये बंदी घातल्याचं रोमन इतिहासकार लिव्हीने लिहून ठेवलंय. शिवाय कँडिडेट आणि आपला चंद्र, दोघांचं मूळ एकच!

“म्हणूनच कॉलरवर लोणच्याचा डाग आहे,” ती म्हणाली.

पण रोम सोडवेना. मतांसाठी फिरणं म्हणजे ‘अँबिरे’. त्यातूनच ‘अँबिशन’ आलं. महत्त्वाकांक्षा म्हणजे मुळात वणवणच. मतं विकत घेण्याच्या गुन्ह्याचं नावही त्याच घराण्यातलं, ‘अँबिटस’. इ.स.पू. 63 मध्ये रोमन नेता सिसेरोने त्यासाठी दहा वर्षांच्या हद्दपारीचा कायदा केला. (मी फक्त चहा पाजला.) आणि उमेदवारासोबत एक गुलाम असे, नोमेनक्लेटर. समोरून येणाऱ्याचं नाव तो मालकाच्या कानात सांगे. मालक लगेच जुनी ओळख असल्यासारखा हात पुढे करी.

मीही वॉचमनला सोबत घेतलं. तिसऱ्या मजल्यावर तो कुजबुजला, “आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, हळू बोला.” मी हसून “कशा आहात आजी?” म्हणालो आणि जीभ जड झाली. अकरा वर्षं मी त्यांच्या बरोबर खालच्या घरात राहतो. बिऱ्हाडं बत्तीस. मला नावं नऊ ठाऊक, त्याला सगळी, आजारपणांसकट. आणि मत त्यालाच नाही.

मी पडलो. मतं सात.

घरी येऊन पुन्हा शब्दकोश उघडला. या वेळी मराठी. ‘उमेदवार’ फारसीतल्या ‘उमेद’वरून आला, म्हणजे आशा धरून असलेला. पुढेमागे नोकरी मिळेल या आशेवर बिनपगारी काम शिकणं, यालाही मराठीत उमेदवारीच म्हणतात. तिथे पांढऱ्या कपड्यांचा उल्लेख नाही.

सध्या पहाटे साडेपाचला पाण्याचा पंप मी चालू करतो. कॉक कुठला आधी फिरवायचा, ते वॉचमन शिकवतोय.