बाई, जरा आधी सांगा!

मोबाईलमधल्या नकाशेवाल्या बाईंचा आवाज कधीच चढत नाही. खंडाळ्याच्या वर गाडी ट्रक-टेम्पोंच्या गर्दीत रुतलेली, इंजिन तापलेलं, मागच्या सीटवर पोरांना एकदमच भूक, शू आणि भांडण लागलेलं. अशा वेळी बाई थंडपणे म्हणतात, "पुढे वाहतूक कोंडी आहे." अहो, पुढे कुठे? कोंडी म्हणजे आम्हीच!

दोष सगळा बाईंचाही नाही म्हणा. रस्त्यावरच्या फोनांचा वेग मंदावला की त्यांना कोंडीचा वास लागतो. म्हणजे आधी कुणीतरी अडकायचं, मग बातमी फुटणार. २०२० मध्ये बर्लिनच्या सायमन वेकर्ट या कलाकाराने हातगाडीत ९९ फोन घालून ती रिकाम्या रस्त्यावरून ओढली आणि नकाशावर तो रस्ता लालभडक झाला! पुण्यात हा उद्योग कुणी करणार नाही. लक्ष्मी रोड हातगाडीवाल्याच्या मदतीशिवायच लाल असतो.

आमचे मेहुणे माझ्या फोनवर विसंबत नाहीत, स्वतःचाही लावतात. मग दोन बाया एकाच आवाजात, एकमेकींच्या किंचित मागेपुढे बोलतात. घाटात जुना मुंबई-पुणे हायवे आणि द्रुतगती मार्ग इतके खेटून जातात की एकीला आपण इकडे आहोत असं वाटतं, दुसरीला तिकडे. मेहुण्यांची बाई "यू-टर्न घ्या" म्हणाली की मेहुणे माझ्याकडे बघतात. मी दरीकडे.

आता कॅमेरा. "पुढे स्पीड कॅमेरा आहे" हे ऐकताच सगळ्या लेनमधले ब्रेकलाइट एकदम पेटतात. मघाशी उडत आलेली एसयूव्ही सासऱ्यांसमोरून जाणाऱ्या नव्या जावयासारखी सोज्वळ होते, आणि कॅमेऱ्याची कमान मागे पडली की पुन्हा सुसाट! बिचाऱ्यांना कल्पना नसते की २०२४ पासून द्रुतगती मार्गावर सरासरी वेगही मोजतात. या कमानीखालून किती वाजता गेलात, पुढच्या कमानीखाली किती वाजता उगवलात, अंतर भागिले वेळ. चौथीचं गणित. त्यात ब्रेक कुठे दाबला याला मार्क नाहीत. कारला दंड मात्र २,००० रुपये. हे बाई कधी सांगत नाहीत.

तेव्हा बोरघाटात एखादी कार मुकाट साठने चाललेली दिसली, तर मागून हॉर्न बडवू नका. तिथली मर्यादाच साठची आहे.