आधी उतार बघा

नवतपा सुरू झाला की नागपूरच्या चौकात दुचाकीवाला कुठे थांबतो? पांढऱ्या पट्ट्यावर? मुळीच नाही. पट्ट्याच्या बऱ्याच मागे, कडुनिंबाखाली. त्याच्या मागे दुसरा, तिसरा, चौथा. सावली जेवढी, तेवढी रांग.

शहराच्या गरजेचा नकाशा लोकांनी स्वतःच काढून ठेवला आहे. तो वाचायला कुणी उतरत नाही.

उतरलं ते काय, हिरवी जाळी. रस्ता रुंद करताना झाड काढायचं आणि उन्हाळा आला की बांबू रोवून त्याच चौकात कापड ताणायचं. जाळी पहिल्या वावटळीत फाटते. झाडाला अशी मुदत नव्हती.

23 मे 2013 ला या शहराने 47.9 अंश सोसले आहेत. इथे सावली हा शोभेचा विषय कसा असेल? नळाच्या पाण्याइतकीच ती नागरी सोय आहे. मग पाण्याचं खातं आहे, विजेचं आहे. सावलीचं खातं कुणाकडे?

मी लँडस्केप आर्किटेक्ट. आमच्याकडे काम येतं ते सर्वांत शेवटी. इमारत उभी राहते, रंग होतो, उद्घाटनाची पत्रिका छापून येते आणि मग फोन: ‘पंधरा दिवसांत सगळं हिरवं दिसलं पाहिजे.’ पंधरा दिवसांत हिरवं होतं ते एकच, ट्रकमधून आलेलं. गुंडाळी करून आणलेली लॉन आणि कुंडीतले पाम.

मार्चमध्ये लॉन पिवळी पडते. एप्रिलमध्ये तिच्यासाठी टँकर येतो. शेजारच्या वस्तीतल्या बायका हंडे घेऊन तो टँकर जाताना बघतात.

आमचं खरं काम पहिल्या दिवशीचं. जमीन कुठे उंच, कुठे सखल? पाणी कुठून येतं, कुठे जातं? काळी माती किती खोल आहे? ती पावसात फुगते, उन्हात तडकते, मग तिच्यावर काय टिकेल? दुपारी तीनचं ऊन कुठल्या भिंतीवर? हे सगळं इमारतीची जागा ठरण्याआधी विचारायचं असतं. नंतर विचारलं तर हाती पंप उरतो.

आणि नागपूरचा उतार काही गुपित नाही.

तो पश्चिमेकडून पूर्वेकडे आहे. अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा हे तलाव पश्चिमेला, उंचावर. नाग नदी वाडीजवळच्या लाव्हा गावच्या टेकड्यांतून निघते, शहराच्या पोटातून पूर्वेला जाते आणि पुढे कन्हानला मिळते. शाळकरी पोराला समतल रेषांचा नकाशा दिला तरी तो बोट फिरवून सांगेल, पाणी इथून जाणार. आपण नेमकं तिथेच लेआउट टाकले.

22 सप्टेंबर 2023 ची रात्र. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस. अंबाझरी भरून वाहिला आणि नागने आपली जुनी जागा परत घेतली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी पाण्यात. मूकबधिर विद्यालयातली मुलं बचाव पथकांनी बाहेर काढली. माणसं गेली. ज्यांच्या घरात माणसं वाचली त्यांचे पलंग, पुस्तकं, फ्रीज, कागदपत्रं सगळं चिखलात.

दुसऱ्या दिवशी खुलासा आला: अतिवृष्टी. ढगांवर गुन्हा दाखल होत नाही, म्हणून ढग सोयीचे.

अंबाझरीच्या सांडव्याच्या ऐन समोर स्वामी विवेकानंदांचं स्मारक आहे. पुरानंतर ते प्रकरण उच्च न्यायालयात पोचलं, समित्या झाल्या, अहवाल झाले. स्वामीजींविषयी इथे कुणाचाच वाद नाही. वाद जागेचा आहे. धरणाचं पाणी बाहेर पडतं त्या तोंडाशी काहीही उभारायचं नसतं, हे ठरवायला पूर यावा लागतो का?

आता नदी शुद्ध करायला सुमारे 1,927 कोटींचा प्रकल्प मंजूर आहे. सांडपाणी अडवा, शुद्ध करा. हवंच आहे ते. पण नदीला पसरायला जागा कुठे? दोन्ही काठांवर काँक्रीटची भिंत घातली की वेग वाढतो, पाणी खालच्या वस्तीवर जोरात आदळतं. वरच्या वस्तीचं संरक्षण झालं, एवढंच.

खालच्या वस्तीचे लोक निविदा उघडताना हजर नसतात.

पॅट्रिक गेडिस नावाचा स्कॉटिश माणूस 1914 मध्ये भारतात आला. पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. त्याची पद्धत साधी होती: आधी पायी हिंडायचं, मग पेन्सिल उचलायची. मलेरियाच्या भीतीने तेव्हा गावोगावचे तलाव बुजवायचे बेत चालले होते. गेडिस म्हणायचा, मासे सोडा, बदकं सोडा, तलाव ठेवा. ते गाव गार ठेवतात आणि पूर पोटात घेतात. शंभर वर्षं उलटली. आपल्या नाईक तलावाच्या, लेंडी तलावाच्या काठी जाऊन या. पाणी शोधावं लागेल.

फुटाळ्यावर संगीत कारंजं आलं. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ऑक्टोबर 2025 मध्ये निकाल लागला: हा तलाव मानवनिर्मित आहे, नियमांच्या व्याख्येतली पाणथळ जागा नव्हे. एवढी अर्धी बातमी सगळ्यांना पाठ आहे. त्याच निकालाने सार्वजनिक विश्वस्ताचं तत्त्व माणसाने बांधलेल्या तलावांनाही लागू होतं असं म्हटलं, ती उरलेली अर्धी कुणी सांगत नाही. तलाव जनतेचा आहे, सरकार राखणदार आहे.

राखणदाराला त्याचं काम सांगायचं कुणी?

रस्त्यांकडे वळू. जुना रस्ता खरवडायचा नाही, त्याच्यावरच सिमेंटचा थर चढवायचा. रस्ता वर गेला, घर होतं तिथेच राहिलं. ज्या अंगणातून पाणी रस्त्यावर जायचं, त्याच अंगणात आता रस्त्याचं पाणी येतं. निवृत्त माणसाने आयुष्यभराच्या कमाईतून बांधलेलं घर एका कंत्राटात सखल भागात जातं. घर हललं नाही, जमीनही हलली नाही. लेव्हल बदलली.

त्या लेव्हलच्या कागदावर सही कुणाची? विचारा. मी विचारत असतो.

मग येतात सिमेंटचे गट्टू. फुटपाथवर गट्टू, सोसायटीत गट्टू, देवळाच्या आवारात गट्टू. थेट खोडाला भिडवून. झाडाची बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांतच पसरलेली असतात. पाणी आणि हवा तिथूनच घेतात. ती वाट बंद करायची. वर केबलच्या डक्टसाठी एका बाजूची मुळं जेसीबीने छाटायची. दोन-तीन पावसाळ्यांनी झाड आडवं होतं, खाली एखादी मोटार सापडते आणि छापून येतं, वादळाने वृक्ष कोसळला.

वादळ शेवटी आलं. मारेकरी आधीच येऊन गेला होता.

राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीच्या एका प्रकरणात खोडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. बारा वर्षं होऊन गेली. धरमपेठेत फिरा, सिव्हिल लाइन्सच्या कडेने फिरा आणि मोजा. कितींच्या भोवती वीतभर माती दिसते?

कायदा कमी नाही आपल्याकडे. वृक्षसंरक्षणाचा कायदा 1975 चा. 2021 मध्ये दुरुस्ती झाली: पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष, तोडायचंच झालं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची. चांगली दुरुस्ती आहे. फक्त झाड तुटतं रामदासपेठेत आणि रोपं लागतात शहराबाहेर, कुठल्याशा माळावर. पेन्शन घ्यायला निघालेल्या आजीने सावलीसाठी माळावर जायचं का?

2021 मध्येच अजनी वन वाचवण्यासाठी कॉलेजची पोरंपोरी रस्त्यावर उतरली. झाडं किती, यावर सरकारी मोजणी वेगळी आणि लोकांची वेगळी. तिथे होणाऱ्या प्रकल्पाचा आराखडा तयार, चित्रं तयार, आणि झाडं मोजायची बाकी! ज्या जागेवर उभं काय आहे हे ठाऊक नाही, तिथला आराखडा कुणी कशाच्या आधारावर काढला?

त्या पोरांनी मोजलं. दोरी घेऊन, वही घेऊन, उन्हात. आमच्या व्यवसायाने करायचं काम त्यांनी केलं.

प्रवासाचंही तेच. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. पहिला टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला, शेवटचा जून 2025 मध्ये. मुंबई आठ तासांवर आली. पण रस्ता सरळ आणि दृश्य एकसारखं असलं की डोळे उघडे राहतात आणि मेंदू झोपतो. व्हीएनआयटीच्या अभ्यासकांनी 2023 मध्ये या महामार्गाबाबत हेच बोट ठेवलं. रस्त्याचं वळण, कडेच्या झाडांचा बदलता ताल, मध्येच उघडणारं एखादं शेत, हे सगळं चालकाला जागं ठेवतं. झाडं लावणं हा रस्त्याचा सुरक्षा-खर्च आहे. आपण तो सुशोभीकरणात टाकतो आणि निधी संपला की पहिली काट त्यालाच लावतो.

जुन्या अमरावती रस्त्यावर चिंचा आणि कडुनिंब होते. बैलगाडीलाही सावली होती.

वर्धा रोडवर एकाच खांबावर उड्डाणपूल आणि त्यावर मेट्रो, 3.14 किलोमीटर, गिनेस बुकात नोंद. अभियंत्यांचं कौतुकच. आता खाली उतरा. मेट्रो स्टेशनपासून घरापर्यंत दुपारी दोन वाजता चालून दाखवा. फुटपाथ आहे तिथे चेंबर उघडा, चेंबर बंद आहे तिथे ठेला, ठेला नाही तिथे डीपी. झाड? ते खांबाच्या जागी होतं.

मग लोक गाडी काढतात. मग म्हणायचं, मेट्रोत गर्दी का नाही?

माझी मागणी फार नाही. पूल असो, उद्यान असो, स्मारक असो, प्रत्येक निविदेच्या पहिल्या पानावर समतल रेषांचा नकाशा असावा. उभी झाडं त्यावर एकेक दाखवलेली, पाण्याची वाट निळ्या रेघेने काढलेली, आणि खाली सही करणाऱ्याचं नाव. पद नको. बदली झाली की पद कोरं होतं.

तोवर सोसायटीच्या सभेत गट्टूचं कोटेशन आलं तर खोडापासून एक मीटर वगळून मागा. आधीच लावले असतील तर सब्बल आणा. आपल्या कंपाउंडच्या आतले गट्टू काढायला कुणाची फाइल लागत नाही. एवढं मृगाच्या आधी उरकून घ्या.