डब्यावरची सूट

ठाण्याहून भिवंडीला निघालं की कशेळी, काल्हेर आणि मग पूर्णा. वर मेट्रोचा मार्ग, खाली कंटेनरच्या रांगा आणि दोन्ही हातांना गोदामं. मुंबईची जकात वाचावी म्हणून माल इथे थांबू लागला. 2017 मध्ये जकात गेली, गोदामं मात्र वाढतच राहिली. आज मुंबई-ठाण्यात ॲपवरून मागवलेल्या कितीतरी वस्तू याच पट्ट्यातून सुटतात.

त्या ॲपवर तान्ह्या बाळाची दूध पावडर शोधून पाहा. छापील किंमत खोडलेली, शेजारी सुटीचे टक्के, कधी दोन डब्यांवर जादा सवलत. शाम्पूला लावतात तीच तऱ्हा. पण शाम्पूवर सूट देणं हा व्यापार आहे. तान्ह्या बाळाच्या पावडरवर सुटीचं आमिष दाखवणं कायद्याला मंजूर नाही.

कायदा 1992 चा. 1 ऑगस्ट 1993 पासून लागू, 2003 मध्ये आणखी कडक केलेला. दोन वर्षांखालील बाळांसाठीची दूध पावडर, शिशुआहार आणि दुधाची बाटली यांची जाहिरात करायची नाही. फुकट नमुना द्यायचा नाही, भेटवस्तू द्यायची नाही, गरोदर बाईला किंवा आईला गाठून माल खपवायचा नाही, विक्री वाढवण्यासाठी कुठलंही आमिष दाखवायचं नाही. डब्यावर बाळाचं गोंडस चित्रसुद्धा चालत नाही. इतकं स्वच्छ लिहिलेलं असताना खोडलेली किंमत आणि टक्क्यांचा लाल ठिपका हे आमिष नाही, तर काय आहे?

यावर एक प्रश्न हमखास येतो: गरिबाला डबा स्वस्त मिळाला तर बिघडलं कुठे? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून हिशोब मांडतो. तीन महिन्यांच्या बाळाला निव्वळ पावडरवर ठेवलं तर दिवसाला साधारण शंभर ग्रॅम लागते. 400 ग्रॅमचा डबा चार दिवसांत संपतो, महिन्याला सात-आठ डबे. साधा डबा साडेचारशेचा धरला तरी महिन्याचे तीन हजारांहून जास्त गेले. सूट पहिल्या डब्याला भुलवते. तोवर बाळ अंगावर कमी पितं आणि बाळ ओढत नाही तसं आईचं दूध आटतं. मग सूट असो-नसो, डबा घ्यावाच लागतो. पैसे पुरेनात की दोन चमच्यांच्या जागी एक चमचा पडतो. पाणी तेवढंच, पावडर अर्धी. बाळाचं पोट भरतं, अंग भरत नाही. त्यात पाणी न उकळलेलं असेल तर जुलाब ठरलेलेच.

कंपन्यांना गरिबाचा खरंच कळवळा असेल तर त्यांनी डब्यावरची छापील किंमतच कमी करावी, सगळ्यांसाठी आणि कायमची. त्याला कायद्याची आडकाठी नाही.

ज्या आईला पावडर लागतेच तिला बोल लावण्याचं कारण नाही. आजारपण असतं, दत्तक बाळ असतं, आई दगावलेली असते. तिला डॉक्टरचा सल्ला हवा, लाल ठिपका नको. मुंबईत शीव रुग्णालयात 1989 मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उभी केली. अशा पेढ्या तालुक्याच्या गावी का नाहीत, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातली 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात, पण पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळं 41.8 टक्केच. म्हणजे आई आपल्या हाताखाली असताना दवाखाने चीक पाजण्याची वेळ घालवतात. ही चूक आईची नव्हे.

आणि गोदामांत माल भरणाऱ्या बायांचं काय? पन्नास किंवा त्याहून अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर हवं, असं 2017 मध्येच ठरलं. बाळाला पाजायला कामाच्या वेळेत सुट्टी हा तर त्याहून जुना हक्क. ठेकेदारामार्फत आलेल्या बाईला तो द्यायचा कुणी? ठेकेदार मालकाकडे बोट दाखवतो, मालक ठेकेदाराकडे. घरी तिचं बाळ डब्याच्या दुधावर.

आमिष दाखवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाच हजार ही रक्कम कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्याला चहापाण्याची आहे, ती वाढवलीच पाहिजे. पण आहे तो कायदा तरी वापरा. ॲपवरची सूट लपून दिली जात नाही, ती प्रत्येकाच्या फोनवर रोज छापून येते. अन्न व औषध प्रशासनाने ठाणे जिल्ह्यापासून सुरुवात करावी. आणि वाचकहो, अशी सूट दिसली की तारखेसह तिचं चित्र घ्या आणि प्रशासनाकडे लेखी तक्रार करा.