काका, जरा सरकून घ्या

पुरुषाचं वय जन्मतारखेवरून ठरत नाही, रिक्षावाल्यावरून ठरतं. 'दादा'चा 'काका' तो कुठल्या दिवशी करेल याची आगाऊ नोटीस मिळत नाही. माझा केला तेव्हा माझे केस चांगले काळे होते. निदान त्या आठवड्यात तरी.

बरं, या पदाला आपल्याकडे मान असेल, पण पत नाही. 1773 साली शनिवारवाड्यात नारायणराव 'काका, मला वाचवा' म्हणत धावले, त्याचं पुढे काय झालं ते शाळकरी पोरंही सांगतील. म्हटलं, बाहेर या शब्दाला काय भाव आहे ते तरी बघू.

फ्रान्स, स्पेन, इटलीचं नाव काढायला नको. तिथं पोर 'काका' म्हणालं की आई त्याला उचलून संडासाकडे पळते. ही लॅटिनची देणगी. ब्राझीलचा फुटबॉलपटू काका 2009 मध्ये चक्क रियल माद्रिदकडे गेला. मूळ नाव रिकार्डो; धाकट्या भावाला ते म्हणता येईना, म्हणून काका. आघात शेवटच्या 'का'वर, म्हणून अब्रू वाचली. तो पहिल्या 'का'वर सरकला असता, तर भर स्टेडियमात काय जयघोष झाला असता!

स्वीडनमध्ये काका म्हणजे केक किंवा बिस्किट. इंग्रजांचा केकही त्याच जुन्या नॉर्स शब्दातून आला. कॉफीला पाहुणे आले की सात तऱ्हांची बिस्किटं मांडायची, ही तिथली जुनी रीत. म्हणजे एका ताटलीत सात काका, आणि एकही विचारत नाही, 'मग, लग्नाचं काय?'

न्यूझीलंडच्या माओरी भाषेत काका हा रानपोपट. 'पो' म्हणजे रात्र, म्हणून रात्री हिंडणारा तो काकापो. जगातला सगळ्यात वजनदार पोपट. उडता येत नाही. अंधार पडला की पायी निघतो आणि विणीच्या हंगामात नर रात्र-रात्र घुमत बसतो. आमच्या सोसायटीतली शतपावली माओरींनी कधी पाहिली, कोण जाणे.

पूर्व आफ्रिकेत, स्वाहिलीत, काका म्हणजे भाऊ. बढती वाईट नाही. पण खरा न्याय पंजाबीत: काका म्हणजे लहानगा मुलगा! अमृतसरला जन्मलेल्या राजेश खन्नाला अख्खी फिल्मी दुनिया काका म्हणायची, ती या अर्थानं. ज्याच्या गाडीवर पोरी लिपस्टिकचे ठसे उमटवायच्या, त्याला चुलत्याचं नाव कसं, हे माझं जुनं कोडं सुटलं.

सुट्टीत अमृतसरलाच जावं, असं घरी जाहीर केलं. मुलगी म्हणाली, "जा, पण बाबा, रेल्वेची ज्येष्ठांची सवलत बंद झालीय हं."